दिवस बुडल्यावरची भाकरी

डॉक्टर खानविलकरांनी कागदावर एक हृदय काढलं. बरं काढलं होतं. मग त्याच्या खालच्या बाजूला त्यांनी एक फुगवटा जोडला आणि त्यात पेनने आडव्यातिडव्या रेघा मारल्या.

"काकू, हा भाग मेलाय. मागं तुम्हाला जो अ‍ॅटॅक आला ना—"

"ते पित्त हुतं."

"ते पित्त नव्हतं. तुम्ही ओवा चावून भाकऱ्या थापायला बसलात, म्हणून त्याचं पित्त होत नाही. तो अ‍ॅटॅक होता आणि त्यात हृदयाचा एवढा स्नायू गेला. मेलेली भिंत पातळ झाली आणि फुगली. आता हृदय आवळलं की पुढं जायचं रक्त या फुग्यातच शिरतं. म्हणून तुम्हाला दोन पायऱ्या चढल्या की दम लागतो."

"मग तुमी काय करनार?"

"छाती उघडणार. हृदय थांबवणार. तेवढा वेळ मशीन तुमचं रक्त फिरवेल. मेलेला भाग कापून काढायचा आणि उरलेलं शिवून पुन्हा हृदयाच्या आकाराचं करायचं."

"म्हंजे वांग्यागत," मी म्हटलं. "किडकं तेवढं काढायचं, चांगलं ठेवायचं. मी रोज करते ते."

"पण तुम्ही वांगं परत शिवत नाही, काकू. माझं काम तिथून पुढं सुरू होतं."

मला माणूस पसंत पडला. माझी लेक पद्मजा शेजारी बसून डोळे पुसत होती, तिला मी कोपराने ढोसलं. रडायचं काय त्यात? गडी हुशार होता, त्याचे हात स्वच्छ होते आणि थट्टेला थट्टा परत करत होता. माझा जीव कुणाच्या हातात द्यायचाच तर असल्याच्या द्यावा, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

मी त्रिशला मगदूम. इचलकरंजीत यंत्रमागाच्या गल्लीत माझी खानावळ होती. मागावरची पोरं, सुताच्या कांड्या भरणारे, जॉबर, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमधले कामगार, सगळे मिळून तीसेक जण दोन्ही वेळेला माझ्याकडे जेवायचे. रात्रपाळीचे वेगळे. नवरा गेला तेव्हा माझ्या अंगात एकच कला होती, ती मी रस्त्यावर मांडली आणि तिच्यावर लेक शिकवली, तिचं लग्न केलं. माझ्या दारातून उपाशी कुणी गेला नाही, हे मी बढाई मारून सांगते. बढाई मारण्यासारखंच आहे ते.

डॉक्टर मूळचे पुण्याचे. कोल्हापूरच्या या मोठ्या हॉस्पिटलात ते महिन्यातून एकदा असल्या अवघड ऑपरेशनांसाठी यायचे. माझी तारीख ठरली. अडचण एकच होती, रक्ताची. माझं रक्त बी निगेटिव्ह. ते सहजासहजी कुणाचं नसतं, माझ्या लेकीचंही नव्हतं. रक्तपेढीने इकडून तिकडून काही बाटल्या जमवल्या आणि चार रक्तदाते आम्हाला आणायला सांगितले. छाती उघडल्यावर रक्त कमी पडून चालणार नव्हतं. चार आले तरच टेबलावर घेणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

माझ्या जेवणाऱ्यांनी हे ऐकलं आणि अख्खी खानावळ रक्त तपासायला गेली. रक्तपेढीवाल्यांना खरं वाटेना, पण चार जण निघाले. त्यांचा म्होरक्या मारुती बेळंके. हा जॉबर, माग दुरुस्त करणारा. बारा मागांचा आवाज ऐकून कुठला माग बिघडलाय ते सांगणारा, पण माणसाचं बोलणं मात्र ओरडून सांगितल्याशिवाय न ऐकणारा. चौघंही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी हजर झाले. मी वरच्या मजल्यावर खाटेवर पडून होते. मनात म्हटलं, झालं काम.

तेवढ्यात पद्मजा धापा टाकत आली.

"आई, रक्त घेत नाहीत!"

"का गं? जमत न्हाई त्यांचं?"

"जमतंय. पण चौघंही उपाशी आहेत. रक्तपेढीतल्या सिस्टर म्हणतात, काल रात्रीपासून पोटात काही नाही, असल्या माणसाचं रक्त घेतलं तर तो जागेवर पडेल."

"मग खायला घाल की त्यास्नी! खाली कॅन्टीन हाय."

"खात नाहीत."

"खात न्हाईत म्हंजे?"

"तूच विचार."

मारुतीला वर बोलावलं. तो दारात उभा राहिला, टोपी हातात, तोंड सुकलेलं.

"काय रे मारुत्या, काय चाललंय?"

"काकू, उपास हाय."

"कसला उपास? आज ना सोमवार ना शनिवार."

"तुमचा."

मग सगळं बाहेर आलं. आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या मारुतीच्या देवळात नारळ ठेवून माझ्या सगळ्या जेवणाऱ्यांनी नवस बोलला होता. काकूचं ऑपरेशन नीट होऊ दे. काकू स्वतःच्या हातानं वाढेल तेव्हाच तोंडात घास घालीन. तोवर चहा आणि पाणी. तीसच्या तीस जणांनी. माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणाऱ्या दोघी बायका, त्यांनीसुद्धा. चूल कालपासून बंद होती.

"आरं मूर्खांनो," मी म्हटलं, "ऑपरेशन झाल्यावर तीन महिनं मला पळीबी उचलायची न्हाई. तवर तुमी काय चहावर माग चालवनार?"

मारुतीच्या तोंडावरून दिसत होतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. नवस बोलताना तीस डोकी तिथे होती, पण एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"ते न्हाई सुचलं," तो म्हणाला.

"मग मोड आता. खाली जा, चार इडल्या खा, आन् रक्त दे."

"काकू, नारळ ठेवलाय."

"ठेवला तर ठेवला!"

"मी मोडला आन् उद्या तुमाला काय झालं तर?" त्याचा आवाज चिरकला. "मग मी गल्लीत कुनाला तोंड दावू? सगळे म्हनतील, मारुत्यानं घास खाल्ला म्हनून काकू गेली. आन् मी एकट्यानं कसं खाऊ? सगळ्यांनी मिळून ठेवलाय. सुटला तर सगळ्यांचा सुटायला पायजे."

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. आणि रागाने छाती धडधडत होती. ज्यांनी मला रक्त द्यायचं, ते माझ्याच मायेपायी रिकाम्या पोटाने दारात उभे होते. माझ्या जिवासाठी माझीच खानावळ उपाशी. देवाची थट्टा करायची रीत तरी कशी असते!

"बरं," मी म्हटलं. "काकूनं वाढल्यावर जेवनार न्हवं? सगळ्यांस्नी बोलाव. टेम्पो करा आन् सगळे हितं या. मी वाढते."

"हितं?"

"हितंच. खाली मोकळी जागा हाय गाड्या लावायची. पंगत बसवू."

पद्मजा म्हणाली, "आई, तुला खाटेवरून उठायची परवानगी नाही."

"तू डॉक्टरास्नी बोलाव. मी बघते."

डॉक्टर आले. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुम्ही माझी चेष्टा करताय का?"

"न्हाई ओ. तुमीच म्हनालासा, चार बाटल्या न्हाईत तर टेबल न्हाई. मी पंगत वाढते, ती खातात, बाटल्या येतात. तुमी मेलेलं कापायला मोकळे."

"आणि नाहीच आलं रक्त तर? माझी पुढची तारीख महिन्यानंतर आहे, काकू. तो फुगा महिनाभर तग धरेल असं मी कुणालाही लिहून देणार नाही."

"म्हनून तर म्हनते, वाढू द्या."

ते खिडकीपाशी गेले. खाली बघितलं. मला वाटलं आता ओरडतात.

"चाकाच्या खुर्चीत," ते म्हणाले. "उठायचं नाही. प्रत्येकाच्या पानात एक घास, बाकीचं दुसऱ्या कुणीतरी वाढायचं. सोबत नर्स. दम लागला की बंद. आणि सगळं रक्त संध्याकाळीच आलं पाहिजे. त्याच्या तपासण्यांना रात्र लागते. उद्या सकाळी आणून उपयोग नाही."

माणूस पसंत पडला होता तो उगाच नाही.

आता प्रश्न जेवणाचा. कॅन्टीनवाला म्हणाला, तीस ताटं आज नाही, उद्या सांगा. माझी चूल बंद. कोल्हापुरात ओळखीची आचारीण नाही. मी पद्मजाकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघींच्या मनात एकच चूल होती आणि तिचं नाव कुणी आधी घ्यायचं हा प्रश्न होता.

माझ्या खानावळीच्या बरोबर समोर, गल्ली ओलांडली की, दुसरी खानावळ होती. माझ्या थोरल्या जावेची. चंपाक्का तिचं नाव. आम्ही सगळे अक्काच म्हणायचो. आमचे नवरे पाठोपाठ गेले आणि दोघींना एकच कला येत होती. खानावळ काढायची कल्पना मुळात तिचीच, असं ती म्हणायची. कल्पनेला कोण विचारतंय, चूल आधी मी पेटवली, असं मी म्हणायचे. त्यावरून भांडण झालं, घराची वाटणी झाली आणि बोलणं बंद झालं. तिची गिऱ्हाइकं माझ्या दारात येत नसत आणि माझ्या माणसाने तिच्याकडे चहा जरी प्यायला तरी मी दिवसभर त्याच्याशी धड बोलत नसे. वर्षं गेली त्याला. सकाळी दोघी एकाच वेळी दारात सडा घालायचो आणि बादलीत बघायचो.

पण संध्याकाळच्या आत तीस माणसांचं रांधायची ताकद असलेली दुसरी बाई मला माहीत नव्हती.

"फोन लाव," मी म्हटलं.

"मी बोलू?"

"न्हाई. मी बोलते."

घंटी बराच वेळ वाजली. मग तिचा आवाज आला. कोरडा. तसाच.

"कोन?"

"अक्का, त्रिशला."

पलीकडे नुसता तव्यावरचा चरचर आवाज येत राहिला.

"बोल."

"तीस मानसांचं जेवान पायजे. कोल्हापुरात, हास्पिटलच्या दारात. आजच. उन्हं उतरायच्या आत."

"भाकरी का चपाती?"

"भाकरी."

"ठेव."

एवढंच. का, कशाला, कुणासाठी, काही नाही. मी फोनकडे बघत बसले. एवढ्या वर्षांत तिच्याशी बोलायची वेळ आली तर काय काय ऐकवायचं, याची मी मनात मोठी तयारी केलेली होती. ती सगळी वाया गेली.

उन्हं कलली तेव्हा दोन टेम्पो आले. एकात माझी उपाशी खानावळ, दुसऱ्यात अक्का आणि तिची पातेली. ती खाली उतरली. थकलेली दिसली, पण पदर खोचलेला आणि कपाळावर घाम. मला खुर्चीतून आणलेलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी किती वाळलेय, हे तिच्या तोंडावर मला वाचता आलं.

"कुठं बसवायची पंगत?" तिने विचारलं.

"त्या भिंतीकडनं."

गाड्यांच्या मधल्या जागेत दोन रांगा बसल्या. पत्रावळी मांडल्या. रखवालदार आरडाओरडा करायला आला आणि नर्सने त्याला डॉक्टरांचं नाव सांगून गप्प केलं. मग मारुतीने माझी खुर्ची ढकलायला घेतली. माझ्या मांडीवर भाकऱ्यांची टोपली. प्रत्येकाच्या पानात मी एक तुकडा ठेवायचा आणि मागून अक्काने पिठलं, भात, वरण, आमटी वाढायची. प्रत्येक माणूस वाकून माझ्याकडे बघायचा आणि मग तो तुकडा कपाळाला लावायचा. रियाझ नावाचा पोरगा होता, रक्त देणाऱ्या चौघांतला. तो म्हणाला, "काकू, मला तर ह्यो रोजाच वाटला, पर तुमचा नारळबी माझाच." सगळे हसले. मला मधेच दम लागला. नर्सने नाडी धरली, थांबलो, पुन्हा निघालो. शेवटच्या पानावर तुकडा ठेवला आणि मान वर केली. अख्खी पंगत जेवत होती. तो आवाज मला माहीत होता. तीस माणसं जेवताना बोलत नाहीत तेव्हाचा आवाज.

अक्का भात वाढत होती. पद्मजा तिच्याजवळ गेली.

"मोठ्याई, तू पण बस आता. दिवस बुडायला आला."

"हे हुंदे आदी."

पद्मजाने पुन्हा सांगितलं. अक्का ऐकेना. पद्मजाला घाई होती ती उगाच नव्हती. आम्ही जैन. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवू नये असा नियम आहे. पाळणारे पाळतात. मी खानावळीच्या धबडग्यात कधीच सोडला होता. रात्रपाळीला वाढून मग जेवायचे. पण अक्काने लग्नाआधी बाहुबलीच्या डोंगरावर मुनिमहाराजांपुढे नियम घेतला होता. सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. तिने तो लग्नाच्या वरातीत मोडला नाही, बाळंतपणात नाही, तापाने फणफणलेली असताना नाही, नवऱ्याच्या सुतकात नाही. खानावळ चालवूनही नाही. माझ्याशी भांडताना ती एकदा म्हणाली होती, "मी रात्रीचं खात न्हाई, तुझ्यागत." ते मला सगळ्यात जास्त लागलं होतं, कारण ते खरं होतं.

पंगत उठेपर्यंत झाडांच्या शेंड्यावरचं ऊनही गेलं. अक्का जेवली नाहीच. ती पातेली घासायला बसली.

जेवून थोडं थांबल्यावर चौघं रक्तपेढीत गेले. माझी खुर्ची दाराशी. पद्मजा आत-बाहेर करत होती. मारुतीचं घेतलं. रियाझचं घेतलं. बसगोंडा म्हणून तिसरा होता, त्याचंही घेतलं. चौथा होता सायझिंगमधला सुदाम. सिस्टरांनी त्याला विचारलं, अलीकडे काही आजार? पोरगा खोटं बोलणारा नव्हता. महिन्यामागे हिवताप येऊन गेला होता. दुपारी ही चौकशी उपासाशीच अडली होती, इथवर आलीच नव्हती.

"नाही चालणार," सिस्टर म्हणाल्या.

सुदाम तिथेच रडायला लागला. मी त्याला म्हटलं, "रडू नगंस. जेवलास न्हवं? बास." पण बाहेर तीस माणसं पोटभर जेवलेली आणि एक बाटली कमी. पद्मजाने दोन रक्तपेढ्यांना फोन लावले. नाही. सांगलीला लावला. नाही.

डॉक्टर खाली आले. सिस्टरांनी सांगितलं.

"तीनच?" ते म्हणाले.

"तीनात भागवा की," मी म्हटलं.

"वांगं नाही ते, काकू." या वेळी ते हसले नाहीत. "चौथं तासाभरात येत असेल तर ठीक. नाहीतर उद्याचं रद्द."

ते गेले. मग माझ्या मागून आवाज आला.

"माझं बगा."

अक्का होती. हात ओले, पदराला पुसत.

"तुमचा गट कुठला?" सिस्टरांनी विचारलं.

"बी निगेटिव. पोराच्या येळेला त्यापायीच इंजेक्शन घ्यावं लागलं हुतं, माहेरी असताना. कार्ड हाय घरात."

मी खुर्चीत वळले. "तुला ठाव हुतं, मला हेच रक्त लागतंय?"

"तुज्या दारावर बोर्ड लावलायस की, एवढ्या मोठ्या अक्षरात. रोज सडा घालताना वाचतोय."

"मग बोलली न्हाईस ती?"

"कुनी विचारलं?" ती म्हणाली. "वाटनी झाल्यापास्नं तुज्या उंबऱ्यावर यायचं म्हंजे मला बोलावनं पायजे. वाट बगत हुतो. आज आलं बोलावनं, तेबी भाकरीचं."

मी खुर्ची मागं सरकवली आणि तिला दारातून वाट दिली. असं फार कमी वेळा झालंय.

सिस्टरांनी तिला आत घेतलं, वजन केलं, बोटाला टोचून रक्त बघितलं, गट बघितला. सगळं जुळलं. मग विचारलं, "जेवलात कधी?"

"सकाळी. दोन घास."

"दिवसभर काही नाही? मग आधी खाऊन या. नाहीतर मी सुई लावणार नाही. अर्धा तास आहे तुमच्याकडं."

दारातून बाहेर दिसत होतं. आकाश काळं झालं होतं, दिवे लागले होते. अक्काने बाहेर बघितलं. मीही बघितलं. आम्ही दोघी काय बघतोय ते सिस्टरांना कळलं नाही, पद्मजाला कळलं.

"न्हाई," मी म्हटलं. "अक्का, न्हाई. तू न्हाई खायचं."

"का?"

"का म्हंजे? जन्मभर पाळलायस. माझ्यापायी न्हाई मोडायचा. सिस्टर, उद्या सकाळी सूर्य उगवल्यावर ती खाईल आन् देईल."

"मावशी, सकाळी घेतलं तर तपासण्या होईपर्यंत डॉक्टर निघून जातात. ऐकलंत ना तुम्ही?"

"मग महिन्यानं. महिना काय, असा जातोय." मी अगदी ठासून बोलले. ते खोटं होतं, आणि मला ते खोटं वाटतही नव्हतं. मला खरोखर वाटलं, महिना थांबू, मरायचं तर मरू. पण हिच्या एवढ्या वर्षांच्या नियमावर माझ्या नावाचा डाग नको. माझ्याकडून तिला एवढं तरी.

अक्का बाहेर पायरीवर जाऊन बसली. मारुती माझी खुर्ची तिच्यामागे घेऊन गेला. टोपलीच्या तळाशी दोन भाकऱ्या उरल्या होत्या. पातेल्याला पिठलं चिकटलेलं होतं.

"अक्का, उठ. घरी जा. टेम्पो थांबलाय."

"गप बस."

तिने हात जोडले, डोळे मिटले आणि ओठांत णमोकार मंत्र म्हटला. एकदा झाल्यावर पुन्हा म्हटला. घाबरली होती ती. चंपाक्काला मी घाबरलेलं कधीच बघितलं नव्हतं, नवऱ्याच्या चितेपुढेसुद्धा नाही. मग तिने डोळे उघडले आणि पुढे पडलेली एक पत्रावळ स्वतःसमोर ओढली.

"वाढ," ती म्हणाली.

"अक्का—"

"सगळ्यांस्नी वाढलीस. मला वाढत न्हाईस?"

मी टोपलीतली भाकरी काढली. गार झाली होती. तिच्या पानात ठेवली. पिठलं खरवडून वाढलं. थोडं पायरीवर सांडलं. तिने पहिला घास घेतला आणि चावत राहिली, खूप वेळ. गिळायला तिला जड गेलं. मग दुसरा. तिसरा. अख्खी भाकरी तिने खाल्ली, एक तुकडा न टाकता, आणि तांब्याभर पाणी प्यायली. आजूबाजूला माझी तीस माणसं उभी होती.

मी रडत होते. मोठ्याने. मला त्याची लाज नाही.

"रडू नगं, दम लागंल," ती म्हणाली, हात धुतला आणि आत गेली. पलंगावर झोपली आणि सिस्टरांपुढे दंड धरला.

सकाळी मला नेलं. दारात डॉक्टर भेटले, तोंडाला कपडा, पण डोळे हसत होते. "चार बाटल्या आल्या, काकू," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग लागा कामाला." पुढचं मला काही माहीत नाही. जाग आली तेव्हा छातीवर पट्टी, तोंडात नळी, आणि आत काहीतरी नेटाने, ठोका न चुकवता चाललेलं. कापलेला तुकडा साधारण पुरीएवढा होता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. एवढा मेलेला तुकडा घेऊन मी भाकऱ्या थापत होते याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं. मला नव्हतं.

घरी आले. तीन महिने पळी उचलायची नव्हती. माझी चूल अक्काने पेटवली. सकाळी स्वतःची, मग गल्ली ओलांडून माझी. माझे जेवणारे म्हणायचे, आमटी जरा वेगळी लागतेय. मी म्हणायचे, गुमान खा.

एका दुपारी ती आली आणि माझ्या खाटेच्या कडेला बसली. पायांवर धूळ होती, चेहरा उन्हाने रापलेला.

"कुठनं आलीस?"

"डोंगरावरनं. महाराजांकडं गेलो हुतो." ती थोडी थांबली. "प्रायश्चित्त मागायला."

"काय दिलं?"

"सगळं सांगितलं मी. भाकरी, पानी, कशासाठी खाल्लं, कुनासाठी खाल्लं. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हनाले, बाई, पश्चात्ताप हुतोय काय?"

"मग?"

"मी म्हटलं, नियम मोडला त्याचं वाईट वाटतंय. पर तुमी विचाराल, तीच येळ परत आली तर काय करशील, तर परत खाईन." अक्काने पदराने तोंड पुसलं. "महाराज म्हनाले, मग प्रायश्चित्त कसलं मागतीस? मी म्हटलं, तेच मला कळंना, म्हनून तर डोंगर चढून आलो."

"आन् महाराज?"

"हसले बाई. चांगले मोठ्यानं हसले. आन् म्हनाले, जा घरी."

ती उठली, माझ्या चुलीकडे गेली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.